अंगावरून गेलेलें वारें

कारंजा तालुक्यांतील कामरगांव घ्या, कीं वऱ्हाडांतील दुसरें कोणतेंही गांव घ्या. कोणाचें तोंड वांकडें होऊन हातपाय लुळे पडले, कीं ‘अंगावरून वारें गेलें’ असेंच आपण म्हणतों. हा समज फार जुना आहे. चरकसंहितेंत पक्षवधाची गणना वातव्याधींतच केलेली आहे. ग्रंथकारांना आम्ही दोष देत नाहीं. डोळ्यांना दिसलें तें त्यांनीं नेमकें टिपलें. परंतु रोग लुळ्या हातांत नसून मस्तकांत असतो. १६५८ सालीं स्विस वैद्य योहान वेप्फर यानें मृतांचीं मस्तकें उघडून मेंदूंत सांचलेलें रक्त दाखविलें.

कधीं रक्तवाहिनी फुटते, बहुधा ती गुठळीनें बुजते. बाहेरून दोन्ही सारखींच. जिवंत माणसांतील हा भेद १९७१ पासून सीटी स्कॅननें उलगडूं लागला, आणि १९९५ सालीं गुठळी विरघळविणारें औषध गुणकारी ठरलें. मात्र तें साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें, व रक्तस्राव असल्यास तेंच घातक! आमच्याकडे हे तास पुष्कळदां तेल चोळण्यांत जातात. गडचिरोलीच्या ८६ खेड्यांत २०११ ते २०१३ या काळांतील मृत्यूंचीं कारणें ‘सर्च’ संस्थेनें तपासलीं, तेव्हां सुमारें सातांतील एक मृत्यु या रोगाचा निघाला. त्यांतले बहुतेक घरींच झालेले.

मुळाशीं बहुतकरून वाढलेला रक्तदाब असतो, व तो आधीं कांहींच बोलत नाहीं. जीभ अडखळली, हात गळाला आणि दहा मिनिटांत सारें पूर्ववत् झालें, तर घरचे निर्धास्त होतात. वास्तविक रुग्णालय गांठण्याची वेळ तीच, कारण मोठा झटका यावयाचा असल्यास पुष्कळदां पहिल्या दोन दिवसांतच येतो.