सात टक्क्यांची तूट

फेब्रुवारी १८८६ चा पहिला आठवडा. सॅक्सनीतल्या फ्रायबर्गच्या खाण अकादमीत तुम्ही रसायनज्ञ क्लेमेन्स विंकलर यांच्या शेजारी उभे आहात. खोलीभर सडक्या अंड्यांचा वास. टेबलावर जवळच्याच हिमेल्सफ्युर्स्ट खाणीतलं खनिज, आर्जिरोडाइट.

वहीत डोकावा. चांदी सुमारे ७५ टक्के, गंधक १७-१८, लोह आणि पारा किंचित. बेरीज ९३ च्या आसपास. पुन्हा पृथक्करण केलं, तरी तूट तेवढीच. दुसरा कोणी असता तर त्याने हातचूक म्हणून सोडून दिलं असतं. विंकलर यांचा आपल्या तराजूवर विश्वास आहे, आणि माझ्या मते शोधाचं सगळं श्रेय त्या विश्वासाला आहे.

आता नीट पाहा. खनिजाची पूड सोडा आणि गंधकाबरोबर वितळवून पाण्यात विरघळवली आहे. चांदी काळ्या गाळात मागे राहिली. द्रावणात थोडं आम्ल घातलं, की आर्सेनिक आणि अँटिमनी असतील तर त्यांचे सल्फाइड खाली बसतात, एकाचा पिवळा, दुसऱ्याचा केशरी. एरवी ते गाळून काढले की काम संपतं, उरलेलं पाणी मोरीत जातं. विंकलर मात्र त्या गाळलेल्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल ओततात, भरपूर.

पांढरा, जड साका!

तुम्ही गोंधळता. पांढरा सल्फाइड म्हणजे जस्त ना? पण जस्ताचा सल्फाइड इतक्या आम्लात विरघळून जातो. इथे उलट आहे. आम्ल वाढलं तरच साका बसतो, आणि साध्या पाण्याने धुवायला गेलात तर थोडाथोडा विरघळून निसटतो. इतके दिवस हे सात टक्के असेच धुतले जात होते.

साका वाळवून, हायड्रोजनच्या प्रवाहात तापवला की करडी भुकटी उरते. नवं मूलद्रव्य, जर्मेनियम.

ते आवर्तसारणीच्या कुठल्या रकान्यातलं, यावर वाद होतो. विंकलर यांना आधी ते अँटिमनी आणि बिस्मथच्या मधलं वाटतं. ती सारणी मांडणारे खुद्द मेंडेलेयेव्हही सुरुवातीला कॅडमियमच्या खालची जागा सुचवतात, स्वतःच १८७१ मध्ये सिलिकॉनखाली रिकामी ठेवलेली जागा सोडून! अणुभार ७२, घनता ५.५, क्लोराइड शंभर अंशांखाली उकळणारा द्रव, असं तेव्हा त्यांनी लिहून ठेवलं होतं.

काही महिने पुढे सरका. विंकलर यांचं क्लोराइड ८६ अंशांना उकळतंय. त्यातलं क्लोरीन मोजून अणुभार निघतो ७२.३.