टेप, फट आणि ढोल

गणपती जवळ आले की पुण्यात घरोघरी खिडक्यांच्या फटींवर टेप चढते. मीही लावतो. पण या टेपचा जन्म आवाज अडवायला झालाच नव्हता! अमेरिकेत थ्रीएमच्या रिचर्ड ड्रू यांनी १९२५ साली ती काढली, दोन रंगांच्या मोटारी रंगवणाऱ्यांसाठी. पारदर्शक सेलोफेन टेप आली १९३० मध्ये.

तरी ती उपयोगी पडते, कारण आवाज हवेबरोबर फटीतून शिरतो. साधं गणित बघा: भिंत कितीही जाड असो, १ टक्का जागा उघडी राहिली की आवाज जास्तीत जास्त २० डेसिबलच घटतो. म्हणून आधी फटी, मग जाड काच.

ढोलाचा घुमारा मात्र काच हलवूनच आत येतो. तिथे टेप काय करणार? त्यासाठी कायदा आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. १८९०च्या दशकात इथे सार्वजनिक उत्सव सुरू झाला, तेव्हा लाउडस्पीकर नव्हतेच. आवाज आपण नंतर वाढवला. शेजारी तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल, तर तो कमीही आपणच करायला हवा, नाही का?