रंग लागला की बाद

रंगपंचमीला अंगावर रंग पडला की आपण खेळात आलो, असे आपण मानतो. जो कोरडा राहिला तो बाहेरचा. पेंटबॉल नावाच्या खेळात मात्र हे सगळे उलटे आहे. अंगावर रंगाचा डाग उठला की तुम्ही बाद, आणि शेवटपर्यंत कोरडा राहील तो शहाणा. रंगाचा असा उलटा उपयोग कुणाला सुचला असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात एका शब्दामुळे शिरला. तो शब्द मला भाच्याने दिला.

माझी धाकटी बहीण भोपाळला हबीबगंज भागात असते. तिथल्या स्टेशनाचे नाव नोव्हेंबर २०२१ मध्ये राणी कमलापती झाले, पण वस्तीचे जुने नाव लोकांच्या तोंडून गेलेले नाही. तिच्या सासरची माणसे मूळ नागपूरची. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याची नवी रचना झाली, राजधानी भोपाळला गेली आणि फायलींच्या मागोमाग कारकुनांची बिऱ्हाडेही गेली. त्यांतलेच एक हे घर. घरातला हा भाचा मित्रांबरोबर पेंटबॉल खेळतो. त्याच्या हातातल्या हत्याराला मी बंदूक म्हटले, तर त्याने लगेच दुरुस्ती केली. ‘‘मामा, बंदूक नाही म्हणायचं. मार्कर म्हणायचं.’’

मला वाटले, खेळाला सभ्य दिसावे म्हणून दिलेले हे गोड नाव असेल. पण तसे नाही. मार्कर म्हणजे खूण करणारा, आणि हे यंत्र खरोखरच खूण करण्यासाठी जन्मले.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात आयर्न माउंटन नावाचे गाव आहे. तिथली नेल्सन पेंट कंपनी जंगलखात्याला लागणारा रंग बनवी. तोडायच्या झाडावर रंगाची खूण करावी लागते. ओढा किंवा झुडपे आडवी आली की झाडापर्यंत जाणे अवघड होते. मग लांबूनच रंग मारता आला तर? औषधाच्या कॅप्सूलसारखी जिलेटिनची गोळी, तिच्यात तैलरंग आणि ती फेकायला वायूच्या दाबावर चालणारे पिस्तूल, असा तोडगा निघाला. डेझी या छऱ्याच्या बंदुका करणाऱ्या कंपनीने बनवलेले ‘नेल-स्पॉट ००७’ हे पिस्तूल १९७० च्या दशकात विकले जाऊ लागले. गुरे राखणारेही कळपातल्या जनावरांवर खूण करायला ते वापरत. एकमेकांवर ते रोखण्याची कल्पना नंतरची.

ती कल्पना एका वादातून आली. हेज नोएल हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल आणि चार्ल्स गेन्स हा लेखक, दोघे मित्र. रानात टिकून राहायला शहरी माणसाची चलाखी पुरते की रानाची सवयच लागते, यावर त्यांची जुंपली. बॉब गर्नसी या तिसऱ्या मित्राने नियम बांधले. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या रानात बारा माणसे उतरली. प्रत्येकाच्या हाती एक नेल-स्पॉट. रानात ठिकठिकाणी वेगवेगळ्या रंगांची निशाणे ठेवलेली, अंगाला रंग लागू न देता प्रत्येक रंगाचे एक निशाण गोळा करायचे. जिंकला रिची व्हाइट नावाचा वनरक्षक. त्याने एकही गोळी झाडली नाही! झाडांच्या आडून तो एकेक निशाण घेत गेला आणि इतरांना दिसलाच नाही. वादाचे उत्तर त्या रानाला ठाऊक असलेल्या माणसाने दिले.

आता थोडे साहित्याविषयी. पेंटबॉलची नेहमीची गोळी ०.६८ इंच व्यासाची असते, म्हणजे सुमारे १७ मिलिमीटर. सुरुवातीचा तैलरंग टर्पेंटाइनशिवाय निघत नसे. १९८० च्या दशकातच पाण्याने धुतला जाणारा रंग आला आणि खेळ पसरला. जिलेटिन हवेतला ओलावा शोषून घेते. दमट हवेत गोळी फुगते, मऊ पडते आणि नळीतच फुटते. आमच्या गोव्यातल्या पावसाळ्यात अशा गोळ्या किती दिवस टिकतील, हे पापडाचे डबे सांभाळणाऱ्या कुठल्याही बाईने सांगावे. मार्करवर गोळ्यांचा डबा बसवतात, त्याला हॉपर म्हणतात. मागे कार्बन डायऑक्साइडची किंवा दाबलेल्या हवेची टाकी असते. बहुतेक मैदानांवर गोळीचा वेग सेकंदाला ३०० फुटांच्या वर जाऊ देत नाहीत. हा वेग ताशी सुमारे ३३० किलोमीटर होतो. एवढ्या वेगाची गोळी उघड्या डोळ्यावर बसली तर डोळा जाऊ शकतो. म्हणून मैदानात कितीही घाम आला, काच कितीही धुरकटली तरी तोंडावरचा मुखवटा काढायचा नाही, हा पहिला नियम. मैदानाबाहेर मार्करच्या नळीवर टोपण किंवा पिशवी हवीच.

बाकीचे नियम सोपे आहेत. गोळी लागून फुटली आणि डाग उठला तर बाद. लागली पण न फुटता उसळून गेली तर खेळ चालू. बाद झालेल्याने हात वर करून, ‘हिट’ असे ओरडून बाहेर जायचे. सर्वांत मोठा गुन्हा म्हणजे ‘वायपिंग’. लागलेला डाग कुणी पाहायच्या आत पुसून खेळत राहायचे, याला हे नाव. मोठ्या स्पर्धांत पंच असतात, पण झाडीत खेळताना पंच कुठे कुठे पाहणार? तिथे ज्याला रंग लागला त्यानेच ‘लागला’ म्हणायचे. सगळा खेळ त्या एका कबुलीवर उभा आहे.

हे वाचताना मला आमचे दिवाडी बेट आठवले. तिथे ऑगस्टमध्ये बोंदेरां होतो. हा शब्द पोर्तुगीज ‘बांदेरा’, म्हणजे निशाण, यावरून आला. बेटावरच्या वाड्यांत हद्दीवरून भांडणे होत, प्रसंगी रक्तही सांडे. पोर्तुगीजांनी हद्दीवर निशाणे रोवली, तर लोक तीच पाडू लागले, असे सांगतात. आज त्या भांडणाचा उत्सव झाला आहे. निशाणे पाडायचे हत्यार म्हणजे ‘फोटाश’, बांबूची नळी. पुढच्या तोंडात एक हिरवे फळ घट्ट बसवायचे, मागून दुसरे फळ दांडीने रेटायचे. मधली हवा दाबली जाते आणि पुढचे फळ फट्‌कन उडते. मार्करच्या टाकीतली दाबलेली हवा हेच काम करते.

अशीच नळी बस्तरातही आहे. हा मुलूख २००० पर्यंत मध्य प्रदेशातच होता, म्हणजे त्याचा कारभार भोपाळहून चाले. जगदलपूरच्या गोंचा उत्सवात, रथयात्रेच्या वेळी, लोक ‘तुपकी’ नावाच्या बांबूच्या नळीतून ‘पेंग’ची फळे उडवतात. आणि रंग भरलेली गोळी हवी असेल तर जयपूरला जावे. तिथले मणिहार कारागीर लाख तापवून, फुंकून तिचा पातळ गोळा करतात आणि त्यात गुलाल भरतात. हा ‘गुलालगोटा’ अंगावर आदळला की फुटतो. राजघराण्यातले लोक होळीला हत्तीवरून असे गोटे प्रजेवर फेकत. पेंटबॉलची सगळी सामग्री आपल्याकडे होती. मात्र ती एकत्र आणून माणसाला बाद करावे असे कुणाला वाटले नाही. गुलालगोटा लागलेला माणूस घरी जात नाही, नाचायला येतो.

हा फरक रंगाच्या मूळ कामातून आला आहे, असे मला वाटते. आपला गुलाल देवाच्या पालखीवरून आला. त्यांचा रंग लाकूडतोडीतून आला. झाडावरची खूण सांगत होती की हे झाड आता गेले. माणसावरचा डागही तेच सांगतो. फरक इतकाच, की माणूस धुऊन पुढच्या डावात परत येतो, झाड येत नाही.

आपल्याकडेही तोडायच्या झाडाची साल तासून त्यावर क्रमांक घालतात. भोपाळमध्ये जून २०२४ मध्ये मंत्री-आमदारांच्या नव्या बंगल्यांसाठी शिवाजीनगर आणि तुळशीनगर भागांतली सुमारे २९ हजार झाडे जाणार, असे कळले. हे भाग हबीबगंजपासून दूर नाहीत. रहिवासी रस्त्यावर आले, बायकांनी झाडांना मिठ्या मारल्या, बुंध्यांना रक्षासूत्रे बांधली. सरकारने तो बेत सोडला. बुंध्यावर बांधलेला तो दोराही एक खूणच होती. तोडायची नव्हे, राखायची.