उलट्या आट्यांची कुळकथा

चाकाचा बोल्ट सैल करायचा तर पाना घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवायचा, हे गॅरेजात कालच लागलेल्या पोरालाही ठाऊक असते. पण समोर जुनी डॉज किंवा प्लायमथ उभी असली, की डाव्या बाजूला हा नियम चालत नाही. तिथले आटे उलटे असतात. ज्याला हे माहीत नाही तो पान्याला पाइप लावतो, वर उभा राहून जोर काढतो आणि शेवटी बोल्टच मोडून बसतो. जाणता मिस्त्री आधी आट्यांचा उतार कुठल्या बाजूला आहे ते बघतो आणि मगच पाना लावतो.

यामागे विचार होता. गाडी पुढे धावताना आपापल्या बाजूने बाहेरून बघितले, तर डावे आणि उजवे चाक परस्परविरुद्ध दिशांनी फिरताना दिसतात. त्या फिरण्याने डाव्या बाजूचे बोल्ट हळूहळू सुटू नयेत म्हणून तिथे आटेच उलटे पाडले. क्रायस्लर कंपनीने ही पद्धत १९७० सालापर्यंत नेटाने चालवली. डॉज आणि प्लायमथ ही दोन्ही नावे त्याच घरातली. त्यामुळे १९६८ची डॉज चार्जर असो की त्याच साली आलेली प्लायमथ रोडरनर, त्यांच्या डाव्या चाकांवर हीच जन्मखूण सापडते. आणि मुंबईत कुर्ल्याला जोडलेल्या, आपल्याकडच्या जुन्या डॉजच्या डाव्या चाकांवरही तीच!

मला या गोष्टीने अक्षरशः पछाडले. ‘अमेरिकन मसल कार’ म्हटले, की आपण ती परक्या मुलखातली, फार तर पडद्यावर बघायची वस्तू समजतो. मध्यम आकाराची बॉडी, त्यात मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरचे इंजिन, अशी तिची मांडणी. १९६४च्या पाँटियाक जीटीओपासून लाट आली, क्रायस्लरने सात लिटरचे हेमी इंजिन आणून ती शिगेला नेली, आणि प्रदूषणाचे कायदे, विम्याचे वाढते हप्ते व १९७३चे तेलसंकट यांनी ती ओसरली. एवढी कथा सगळ्यांना माहीत आहे. पण ज्या क्रायस्लर घराण्याने ही लाट शिगेला नेली, त्या घराण्याशी पहिली सोयरीक जोडणारा भारतीय माणूस सोलापूरचा होता, आणि त्याच्या कामाच्या खुणा सातारा नि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत आजही उभ्या आहेत, हे कुणी सांगत नाही.

तो माणूस म्हणजे वालचंद हिराचंद. रेल्वेची कंत्राटे घेत वर आलेल्या या उद्योजकाने १९३९ साली मोटारीच्या कारखान्यासाठी अमेरिका गाठली. फोर्डशी जमले नाही. हिंदुस्थानची बाजारपेठ फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीच्या वाट्याला होती. क्रायस्लरशी मात्र जमले आणि १९४०मध्ये करार झाला. परतीच्या प्रवासात विमानात विल्यम पॉली हा अमेरिकन गृहस्थ भेटला आणि त्या भेटीतून बंगळुरूचा विमान कारखाना उभा राहिला. मोटार आणायला गेलेल्या माणसाच्या हाती आधी विमान लागले! ब्रिटिश सरकारला हिंदी माणसाचा मोटार कारखाना नको होता. त्यामुळे प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन व्हायला १९४४ उजाडले आणि कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडायला १९४७.

देशी मोटारीचा पहिला मान वालचंदांना दिला, की बिर्लांचे पक्षपाती हरकत घेतात. हिंदुस्थान मोटर्स १९४२ची, म्हणजे दोन वर्षांनी थोरली. जनरल मोटर्स तर १९२८पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती, असेही ऐकवले जाते. शिवडीचा कारखाना परक्यांचा होता, तेव्हा तो या वंशवेलीत धरायचे कारण नाही. बिर्लांचा मान मी कंपनीच्या नोंदणीपुरता मान्य करतो. पण कुळाचा आरंभ नोंदणीच्या कागदापासून धरायचा, की ध्यास घेऊन केलेल्या पहिल्या करारापासून? माझ्या मते करारापासून. तसे धरले, तर १९४० हेच साल खरे.

१९४० या सालाबद्दल माझा आग्रह आणखी एका कारणाने आहे. त्याच सुमाराला वालचंदांनी सातारा रोडचा कूपर कारखाना हाती घेतला. पुणे-मिरज लोहमार्गावरच्या सातारा रोड स्टेशनाजवळ, कोरेगाव तालुक्यात पाडळीला, धनजीशा कूपर यांनी १९२२मध्ये तो उभारला होता. हेच कूपर पुढे १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. कारखान्यात लोखंडी नांगर आणि उसाचे चरक होत, आणि तिशीच्या दशकातच इथे डिझेल इंजिनेही तयार होऊ लागली होती.

वालचंदांना हा कारखाना कशासाठी हवा होता? प्रचलित उत्तर साखरेचे आहे. वालचंदनगर आणि रावळगाव इथे त्यांचे साखर कारखाने होते, हजारो एकर ऊस होता; नांगर, चरक, गिरणीचे सुटे भाग घरचे हवेत, म्हणून कूपर घेतला. उत्तर सरळ आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण तेवढ्याने माझे समाधान होत नाही. मोटारीत सगळ्यात अवघड काम इंजिनाच्या ब्लॉकचे. वाळूच्या साच्यात आतले पोकळ भाग धरून बिडाचा रस ओतायचा, तो निवताना कुठे फुगा राहता कामा नये, कुठे चीर पडता कामा नये. नांगराचा फाळ ओतणे वेगळे आणि सिलिंडर ओतणे वेगळे. त्या काळात या देशात इंजिनाचे ओतकाम जाणणारे हात फार थोडे होते, आणि त्यातले काही सातारा रोडला होते. ज्या माणसाच्या खिशात क्रायस्लरचा करार होता, त्याने त्याच सुमाराला इंजिने ओतणारी फाउंड्री नुसत्या चरकांसाठी घेतली असेल? मला ते पटत नाही. सातारा रोड ही कुर्ल्याची आगाऊ तयारी होती, असा माझा तर्क आहे. कुर्ल्याने पुढे अमेरिकेहून आलेले संच जोडण्यापासून सुरुवात केली, हा या तर्काविरुद्धचा बळकट मुद्दा आहे. पण माणसाने बेत काय केला होता आणि परिस्थितीने काय होऊ दिले, या दोन गोष्टी वेगळ्या असतात.

सांगलीचा धागा उशिरा जुळला. धोंडूमामा साठे यांनी १९४७मध्ये सांगलीत न्यू इंजिनिअरिंग कॉलेज काढले. कुर्ल्यातून गाड्या निघाल्या तेही हेच साल. १९५३ साली वालचंद गेले आणि १९५५मध्ये त्यांच्या घराण्याच्या देणगीनंतर विश्रामबागच्या या कॉलेजाला वालचंदांचे नाव लागले.

आता कुर्ल्याच्या गाड्यांविषयी. डॉज किंग्जवे, प्लायमथ आणि डी सोटो डिप्लोमॅट या मूळच्या सख्ख्या बहिणी. बॉडी प्लायमथची, फक्त समोरची जाळी आणि बिल्ले निराळे. प्लायमथवर मेफ्लॉवर जहाज, डॉजवर मेंढा. बॉनेटखाली साधारण साडेतीन लिटरचे, सहा सिलिंडरचे, बाजूला व्हॉल्व्ह असलेले इंजिन. ताकद जेमतेम शंभर अश्वशक्ती, तर हेमीची सव्वाचारशे. आकड्यांच्या बाबतीत किंग्जवेला मसल कार म्हणणे चूकच. ती त्या गाडीची आजी. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा तीन गिअरचा दांडा, लांबलचक सोफ्यासारखी सीट आणि पहिल्या गिअरमध्येच जाणवणारा तो संथ, खोल जोर ज्याने अनुभवला, त्याला नातीचे रक्त कुठून आले ते सांगावे लागत नाही.

पुढे प्रीमियरने फियाट धरली आणि पद्मिनीने अख्खा देश फिरवला. आयातीवर बंधने आली, पेट्रोल महागले, आणि बऱ्याच डॉज-प्लायमथ पोटातले इंजिन काढून तिथे डिझेल इंजिन बसवून टॅक्सी म्हणून राबल्या. त्याने त्या जगल्या, हे खरे. पण आज नवी करून विकायला काढलेल्या जुन्या अमेरिकन गाडीची किंमत ठरते ती याच जागी.

२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, नूतनीकरणाला ५,००० रुपये. अट अशी, की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांपुरतीच आणता येते. म्हणजे रंग कितीही झळकत असो, क्रोम कितीही लखलखत असो, बॉनेटखाली डिझेल असेल तर ही वाट अडते.

तेव्हा साताऱ्याची एमएच-११ असो की सांगलीची एमएच-१०, विकायला आलेली जुनी डॉज बघायला गेलात, तर आधी बॉनेट उघडायला लावा आणि चासी व इंजिनाचे क्रमांक आरसी बुकाशी ताडून बघा. मूळ सहा सिलिंडरचे इंजिन मालकाच्या परसात गंजत पडले असेल तर तेही सौद्यात मागून घ्या. ते पुन्हा बसवता येते. आणि कुर्ल्याच्या काळातले बिल किंवा विक्रीचा कागद ज्यांच्या घरात असेल, त्यांनी तो रद्दीत घालू नये, गाडीसोबत द्यावा.