झिजलेली जीन्स, रंगलेली वालधुनी: वस्तूंवरून संस्कृती कशी समजते?

नवी कोरी जीन्स विकत घेताना ती आधीच झिजलेली का हवी असते? या साध्या प्रश्नाचं उत्तर शोधायला उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टा उत्तम आहे.

भौतिकवादी विचार म्हणजे काय?

संस्कृती म्हटलं की आपल्याला सण, गाणी, साहित्य आठवतं. भौतिकवादी अभ्यासक आधी वेगळं विचारतात: लोक पोट कशावर भरतात? साधनं कोणाच्या मालकीची आहेत? राबतं कोण?

कार्ल मार्क्सने १८५९ मध्ये 'पाया आणि इमला' अशी मांडणी केली. उत्पादनाची व्यवस्था हा पाया. कायदा, राजकारण, विचार हा त्यावरचा इमला. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मार्विन हॅरिस यांनी १९७९ च्या पुस्तकात याच दिशेने 'सांस्कृतिक भौतिकवाद' मांडला. आपल्याकडे दा. ध. कोसंबी यांनी पोथ्यांच्या जोडीला नांगर, घाटवाटा आणि वाटेवरच्या देवता यांतून इतिहास वाचला.

उल्हासनगर काय सांगतं?

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासितांना ठेवलं गेलं आणि १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालं. आजही इथला पत्ता 'कॅम्प नंबर' सांगून दिला जातो.

जमीनजुमला सिंधमध्ये राहिलेला. मग बराकींतच छोटे धंदे सुरू झाले. पुढे कापड, फर्निचर आणि जीन्ससाठी हे शहर ओळखलं जाऊ लागलं. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद तुम्हीही ऐकला असेल. १९९१ च्या आधी आयातीवर कडक निर्बंध होते आणि 'फॉरेन'च्या मालाचं आकर्षण मोठं होतं. हा विनोद त्या आकर्षणावरही आहे.

आपण वस्तू घेतो की ओळख?

थॉरस्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्येच लिहिलं की माणसं दिसावं म्हणूनही खर्च करतात. फ्रेंच विचारवंत जाँ बोद्रियार यांनी १९७० मध्ये पुढचं पाऊल टाकलं: उपभोगी समाजात वस्तूपेक्षा तिच्यातून मिळणारी ओळख विकली जाते. बदलापूरच्या नव्या इमारतींची जाहिरात डोंगर आणि 'लाइफस्टाइल' दाखवते. हप्ते फेडायला पकडावी लागणारी सकाळची लोकल त्या चित्रात नसते.

आता जीन्सकडे परत येऊ. १८७३ मध्ये अमेरिकेत रिव्हेट लावलेल्या पँटचं पेटंट मिळालं. ही मजुरांची पँट होती आणि ती कामाने झिजायची. आज तेच झिजलेपण विकत मिळतं. ते आणण्यासाठी वॉशिंगच्या कारखान्यात कापड रसायनांत धुतलं जातं. तिथे पाणी आणि मेहनत, दोन्ही खर्ची पडतात. दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीवर मात्र यातलं काहीच लिहिलेलं नसतं. वस्तूमागची माणसं अशी दिसेनाशी होणं, याला मार्क्सने 'वस्तुपूजा' म्हटलं होतं.

बिल कोण भरतं?

वालधुनी नदी. १०६० मध्ये बांधलेलं अंबरनाथचं शिवमंदिर हिच्याच काठी आहे. पुढे ती उल्हासनगरमधून कल्याणकडे जाते. जीन्स धुण्याच्या कारखान्यांचं रंगीत सांडपाणी वर्षानुवर्षं तिच्यात सोडलं गेलं. शिवाय टँकरमधून घातक रसायनंही ओतली गेली. २०१४ मध्ये अशाच प्रकारातून वायू पसरून उल्हासनगरमधले शेकडो लोक आजारी पडले. कारखान्यांवर बंदीची कारवाई झाली, तेव्हा त्यांच्यावर पोट असलेल्या कामगारांच्या रोजीरोटीचा प्रश्न उभा राहिला.

हा सिद्धांत सगळं उलगडतो का?

नाही. हातची जमीन गेली, तरी सिंधी कुटुंबांनी झुलेलाल आणि चेटीचंड जपले. हे फक्त पोटाच्या गणिताने समजत नाही.

पण हा विचार एक गोष्ट दाखवून देतो. मराठीत आपण 'चंगळवाद' म्हणतो आणि दोष घेणाऱ्याच्या हव्यासाला देतो. भौतिकवादी विचार नजर व्यवस्थेकडे वळवतो. सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च कोणी करायचा आणि तो टाळून स्वस्ताई कोणाला मिळते, हे तो विचारतो. ग्राहकाने जीन्स घेणं सोडलं म्हणून वालधुनी स्वच्छ होणार नाही. तो खर्च जीन्सच्या किमतीत धरला गेला, तर होऊ शकते.