एकाच्या मोबाइलवर अ‍ॅप चालतं, दुसऱ्याच्या बंद पडतं; बाजारात येण्याआधी अ‍ॅप कसं तपासतात? जाणून घ्या

एकच अ‍ॅप शेजाऱ्याच्या फोनवर नीट चालतं आणि आपल्या फोनवर उघडताच बंद पडतं. कारण फोनची कंपनी, अँड्रॉइडचं व्हर्जन, रॅम, स्क्रीन सगळं वेगवेगळं असतं. अ‍ॅप बनवणाऱ्याला एवढे फोन विकत घेणं परवडत नाही. म्हणून आपण ट्रॅक्टर तासावर घेतो तसे तो फोन मिनिटावर भाड्याने घेतो.

फोन कुठे असतात?
मोठ्या कंपन्या खरेखुरे फोन आपल्या केंद्रात लावून ठेवतात आणि इंटरनेटवरून वापरायला देतात. अ‍ॅमेझॉनने २०१५ मध्ये सुरू केलेल्या सेवेचं नावच 'डिव्हाइस फार्म' आहे. गुगलची 'फायरबेस टेस्ट लॅब' आहे. २०११ मध्ये मुंबईत सुरू झालेली 'ब्राउझरस्टॅक'ही हेच काम करते.

तपासणी कशी होते?
१) अ‍ॅपची फाइल साइटवर अपलोड करतात.
२) कोणते फोन, कोणतं व्हर्जन ते निवडतात.
३) नाव भर, फोटो काढ, सेव्ह कर, अशा सूचना आधीच लिहून देतात. त्यासाठी 'अ‍ॅपियम' हे मोफत साधन वापरतात. गुगलच्या 'रोबो' टेस्टला सूचनाही लागत नाहीत. ती स्वतःच बटणं दाबत अ‍ॅपभर फिरते.
४) प्रत्येक फोनचा पास-नापास निकाल, स्क्रीनचे फोटो, व्हिडिओ मिळतो.

खर्च किती?
अ‍ॅमेझॉनकडे पहिली १,००० मिनिटं मोफत, पुढे एका फोनला मिनिटाला ०.१७ डॉलर. १० फोनवर १० मिनिटं तपासलं तर १७ डॉलर.

तरी अ‍ॅप का अडतं?
जे फोन निवडले, तेवढेच तपासले जातात. २ जीबी रॅमचा जुना फोन यादीत नसेल तर त्यावरची अडचण दिसतच नाही. शिवारात एकच कांडी रेंज असते, केंद्रात नेट चांगलं असतं. शेवटच्या तारखेला सर्व्हरवर गर्दी होते, त्याची तपासणी वेगळी करावी लागते.

तक्रार करताना हे लिहा
नुसतं 'अ‍ॅप चालत नाही' लिहून उपयोग नाही. फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइड व्हर्जन (सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'), अ‍ॅपचं व्हर्जन, कोणतं बटण दाबल्यावर अडलं, हे लिहा. मग तोच फोन निवडून त्यांना चूक शोधता येते. बनवणाऱ्याचा ईमेल प्ले स्टोअरवर अ‍ॅपच्या पानावर असतो. स्क्रीनशॉट जोडा, पण त्यात आधार नंबर, बँक खातं, ओटीपी दिसू देऊ नका.