भरवणे (सभा, संमेलन इ.)

भरवणे (भरविणे) : ठरल्या जागी, ठरल्या वेळी, ठरल्या कामासाठी लोकांना रीतसर एकत्र आणणे, या अर्थाचे मराठी क्रियापद. सभा, दरबार, परिषद, संमेलन, प्रदर्शन या नामांबरोबर ते येते. ‘भरणे’चे हे प्रयोजक रूप. मुळाशी संस्कृत ‘भृ’ (वाहणे, पोसणे) हा धातू; प्राकृत ‘भरइ’मध्ये त्याला रिकामे भरून काढण्याचा अर्थ आला. लहान मुलाला घास भरवणे हाही याच रूपाचा वापर.

बाजार भरतो, शाळा भरते, यात्रा भरते. तिथे भरवणारा सांगावा लागत नाही. भरवण्याला मात्र कर्ता हवाच, आणि हँडबिलाच्या तळाशी ‘निमंत्रक’ म्हणून त्याचेच नाव छापतात. ‘जमवणे’ अरबी ‘जमा’वरून आलेले; ते गर्दीला, पैशाला, लग्नालाही चालते. पुढारी सभा घेतो, मंडळ सभा भरवते, हा फरक बोलण्यात आजही पाळला जातो.

सभेला कोण हजर होते, याला जुन्या न्यायातही मोल होते. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावकरी-वतनदारांच्या न्यायसभेपुढे जाई. महजरावर, म्हणजे निवाडापत्रावर, ‘हाजीर मजालस’ (सभेस हजर) या शब्दांखाली उपस्थितांची नावे लिहीत. कोण बसले होते हे कागदावर आल्यावरच निवाड्याला वजन येई.

आधुनिक अर्थाने सभा-संमेलने भरवण्याची ठळक उदाहरणे पुण्यात सापडतात. पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दलच्या तक्रारींतून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, तिचे प्रमुख प्रवर्तक. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान ५० प्रौढांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा नियम होता. आपण कोणाच्या वतीने बसलो आहोत हे आधी दाखवा, असे सांगणारा हा नियम त्या काळाच्या फार पुढचा होता.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी यांनी फेब्रुवारी १८७८ मध्ये ‘ज्ञानप्रकाश’ वृत्तपत्रातून ग्रंथकारांना आवाहन केले, आणि ११ मे रोजी हिराबागेत पहिले ग्रंथकार संमेलन भरले. आजच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची गणना तिथूनच होते. दुसरे संमेलन मे १८८५ मध्ये, तेही पुण्यातच. त्याचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी पत्र लिहून नाकारले. जे माणसाला माणसाचे हक्क उघडपणे द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्याचा आशय. ‘ज्ञानोदय’ने ते जूनमध्ये छापले. मराठी संमेलनांच्या इतिहासात या पत्राची जागा अध्यक्षीय भाषणांइतकीच मोठी आहे. निमंत्रण सर्वांना गेले म्हणजे सभा सर्वांची झाली, हा समज त्याने मोडला.

त्याच वर्षअखेरीस काँग्रेसचे पहिले अधिवेशनही पुण्यातच भरायचे होते. पटकीच्या साथीमुळे ते मुंबईत, गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयात हलवले गेले. पुण्याची पाळी १८९५ मध्ये आली.

कायद्याच्या भाषेत आता ‘सभा बोलावणे’ रूढ आहे. पुण्यातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तिची नोटीस विषयपत्रिकेसह पूर्ण १४ दिवस आधी निघते, फलकावर लागते, सभासदांना पोचवली जाते. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते.